पहिला लाकडी जहाजाचा किट: व्हिक्टरी आत्ता का नको आणि मग काय घ्यावं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे गैरसमज नको. आजवर तुम्ही प्लास्टिकची विमानं आणि थोडी जहाजं जोडलीत, रंगकामात हात बसलाय, लाकडात मात्र काहीच केलेलं नाही. एचएमएस व्हिक्टरीचा मोठा किट मनात भरलाय. रोज संध्याकाळी तासभर वेळ आणि टेबलाचा एक कोपरा एवढं हातात आहे. एक जण म्हणतो घ्यायचं तर एकदाच मोठं घे, दुसरा म्हणतो आधी छोटी होडी कर, आणि तिसऱ्याने सांगितलंय की सॉलिड हलचा, म्हणजे जहाजाचं धड (हल) एका ठोकळ्यातून कोरून येणारा, किट सगळ्यात सोपा. यातलं कोणाचं ऐकायचं?

माझं मत लगेच सांगून टाकते, व्हिक्टरी आत्ता घेऊ नका पण मनातून काढूनही टाकू नका. मी बरीच वर्षं लाकडी जहाजं बांधतेय आणि नवीन लोकांना पहिला किट निवडायला मदतही करते, त्यामुळे नुसतं "नको" म्हणून थांबत नाही, का नको तेही सांगते. कारण कळलं की दुसरा तिसरा किट तुमचा तुम्हालाच निवडता येईल.

खोक्यावरचा फोटो हा शेवटच्या दिवसाचा असतो हे लक्षात घ्या. त्याच्या आधीचे सगळे दिवस तुम्ही नेमकं काय करत बसणार आहात, ते काम तुम्हाला आवडणार आहे का, आणि ते कसं करायचं हे किटमधलं पुस्तक तुम्हाला शिकवणार आहे का, हे बघून किट निवडायचा. प्लास्टिकमध्ये जहाजाचा आकार कारखान्यातल्या साच्याने आधीच काढून दिलेला असतो, तुम्ही दोन अर्धे जोडता आणि हल तयार होतो. लाकडात तसं नसतं. खोक्यात सरळसोट पट्ट्यांची जुडी येते, आणि त्यातली प्रत्येक पट्टी मोजून, निमुळती करून, वाकवून, शेजारच्या पट्टीला घासून बसवून तो गोलाई असलेला हल तुम्हालाच उभा करायचा असतो. म्हणून तुमचा रंगकामाचा अनुभव शेवटी खूप उपयोगी पडेल, आणि सूचना शांतपणे वाचायची सवय तर पहिल्या दिवसापासून, पण हल बांधणं हे तुमच्यासाठी पूर्ण नवीन काम आहे.

काही गोष्टी तुमच्यावरच अवलंबून आहेत आणि त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. एकच काम पुन्हा पुन्हा करताना तुम्हाला शांत वाटतं का कंटाळा येतो? बारीक दोऱ्यात गाठी मारताना डोळे आणि बोटं साथ देतात का? टेबलाचा तो कोपरा रोज आवरून ठेवावा लागतो का हल क्लँप लावून रात्रभर तसाच ठेवता येतो? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्हाला तोफांच्या युद्धनौकेचं आकर्षण आहे का शिडाच्या कुठल्याही होडीचं? कारण जे जहाज मनापासून आवडत नाही ते केवळ सोपं आहे म्हणून घेतलं तर तेही अर्धवट राहतं, हे मी बघितलंय.

आता व्हिक्टरीकडे नीट बघू. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १८०५ ला ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं फ्लॅगशिप, म्हणजे सेनापतीचं जहाज, असलेलं, आजही पोर्ट्समथच्या गोदीत उभं असलेलं जहाज, प्रेमात पडावं असंच आहे. पण त्यावर १०४ तोफा आहेत. एक तोफगाडी म्हणजे दोन बाजूच्या पाट्या, दोन आस, चार चाकं, वर नळी, नळी धरणाऱ्या पट्ट्या, मग कड्या आणि दोऱ्या. खालच्या डेकवर बऱ्याच किटमध्ये नुसती पुढची नळीच बसवायची असते, तरी वर दिसणाऱ्या पूर्ण तोफाच इतक्या उरतात की आठवडेच्या आठवडे तुम्ही फक्त चाकं घासत बसता. दोऱ्यांचं बघा. मास्टच्या, म्हणजे डोलकाठीच्या, दोन्ही बाजूंना शिडीसारख्या जाळ्या दिसतात ना, त्यातला प्रत्येक आडवा दोर प्रत्येक उभ्या दोराला गाठीने बांधलेला असतो. अंदाज यावा म्हणून एका मास्टच्या एका बाजूला ८ उभे आणि २५ आडवे दोर धरा, २०० गाठी झाल्या, दोन बाजूंच्या ४००, तीन मास्टच्या १२००, आणि हे फक्त खालच्या टप्प्याचं, वरचा टप्पा वेगळाच. आणि गाठ मारता येते एवढ्याने भागत नाही, प्रत्येक गाठ ओढताना जोर जरासा जास्त झाला की उभे दोर आत खेचले जातात आणि ती जाळी कमरेत आवळल्यासारखी दिसायला लागते, एक गाठ सोडून ते सुटत नाही, खालपासूनचं सगळं काढावं लागतं. मागे रेघा मारलेला पुठ्ठा लावून, दर चार पाच ओळींनंतर उभे दोर सरळ आहेत का बघत गेलं की हे नीट जमतं, पण ही शिस्त एखाद्या छोट्या जहाजाच्या चार दोरांवर शिकणं आणि व्हिक्टरीवर शिकणं यात खूप फरक आहे.

त्यात १:७२ ला, म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान करूनसुद्धा, हे मॉडेल पुढच्या टोकातून बाहेर आलेली काठी, म्हणजे बाउस्प्रिट, धरून एक मीटरच्या वर जातं, उंचीही मीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या टेबलाच्या कोपऱ्याचं काम नाही. आणि नवीन माणसाला हे सगळं करायला मिळेपर्यंत हलच पार करावा लागतो, जो पुढून गोल आणि फुगीर आहे. अर्धवट राहिलेली जी मोठी जहाजं लोक माझ्याकडे "आता पुढे काय करू" म्हणून घेऊन येतात, ती तोफांपर्यंत पोचलेलीच नसतात, पहिल्या प्लँकिंगमध्येच, म्हणजे हलवर पट्ट्या बसवतानाच, थांबलेली असतात. क्लिपर, म्हणजे वेगवान मालवाहू शिडाच्या जहाजांचंही तेच, कट्टी सार्कला तोफा नाहीत म्हणून लोकांना ती सोपी वाटते, पण १८६९ ची ती तीन मास्टची आडव्या शिडांची बोट आहे, तिच्या दोऱ्यांमध्ये माणूस महिनोन्‌महिने असतो.

प्लँकिंगमध्ये लोक का अडकतात हे जरा जवळून बघू, कारण किट निवडायची किल्ली इथेच आहे.

आजचे बहुतेक किट प्लँक ऑन बल्कहेड प्रकारचे असतात. मधे कण्यासारखी प्लायची एक उभी पाटी, तिच्यात खाचा, आणि त्या खाचांत आडव्या पाट्या बसवायच्या, त्या म्हणजे बल्कहेड. हा सांगाडा झाला, त्याच्यावर बाहेरून पट्ट्या बसवायच्या. बल्कहेडची कड लेझरने काटकोनात कापलेली असते, पण पुढच्या टोकाकडे, म्हणजे बो कडे, हल आत वळत जातो, तिथे पट्टी त्या कडेच्या फक्त एका रेषेवर टेकते. म्हणून आधी सगळ्या बल्कहेडच्या कडा योग्य त्या तिरकसपणात घासून घ्याव्या लागतात. त्याची परीक्षा सोपी आहे, एक पट्टी घ्यायची, बोटांनी तीन चार बल्कहेडवर दाबून धरायची आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं, प्रत्येक ठिकाणी पट्टी पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे, कुठे खालून उजेड दिसला तर तिथली कड कमी पडतेय किंवा शेजारची जास्त आहे. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक घाईत उरकतात, आणि मग हलला खड्डे आणि उंचवटे येतात जे नंतर कितीही सँडपेपर मारला तरी पूर्ण जात नाहीत.

दुसरी गोष्ट रुंदीची. समजा हलच्या मधल्या बल्कहेडवर वरपासून कीलपर्यंत (तळाच्या कण्यापर्यंत) फिरून मोजलं तर १२० मिमी भरतं आणि पट्टी ५ मिमी रुंद आहे, म्हणजे २४ पट्ट्या बसणार. पण पुढे बोपाशी तेच अंतर ७८ मिमी भरतं. २४ पट्ट्या तिथेही पोचवायच्या तर प्रत्येकीचं टोक साधारण सव्वातीन मिमी एवढं निमुळतं करावं लागेल. नवीन माणूस ते करत नाही, पूर्ण रुंदीची पट्टी तशीच दाबून बसवतो, मग पुढच्या पट्ट्या हळूहळू वर चढायला लागतात, आणि शेवटी खाली विचित्र आकाराची पाचर ठोकावी लागते. सरळ पट्टी ही जाडीच्या बाजूने सहज वाकते, कडेच्या बाजूने वाकत नाही. टेबलावर कागदाची एक पट्टी सपाट ठेवून कडेकडून वळवून बघा, लगेच तिची एक बाजू वर उचलली जाते, लाकडी पट्टीचंही अगदी तसंच होतं. म्हणून निमुळती करायची, पण टोक मूळ रुंदीच्या निम्म्यापेक्षा बारीक होऊ द्यायचं नाही, तेवढी वेळ आली तर दोन पट्ट्यांच्या जागी एक करायची. मागच्या बाजूला बहुतेक वेळा उलटं होतं, तिथे अंतर वाढतं आणि एखादी जादाची तुकडा-पट्टी घुसवावी लागते. आणि एक पट्टी डावीकडे लावली की तिची जोडीदार उजवीकडे लावूनच पुढे जायचं, नाहीतर एका बाजूच्या ताणाने मधली कील पिळवटते, आणि पिळवटलेली कील नंतर सरळ होत नाही.

हे सगळं वाचून घाबरू नका, यातलं काहीच अशक्य नाही, शिकायला दोन तीन पट्ट्या लागतात आणि मग हातात बसतं. मुद्दा एवढाच की हे काम किती अवघड जाणार ते हलच्या आकारावर ठरतं. बो जेवढा टोकदार तेवढ्या पट्ट्या सहज वळतात, बो जेवढा फुगीर तेवढं काम कठीण. आणि मागचा भाग जितका साधा तितकं बरं. त्यामुळे मास्ट किती आहेत एवढंच मोजून किट सोपा ठरवू नका. शेरबोर्नसारख्या १८ व्या शतकातल्या कटरला, म्हणजे छोट्या वेगवान जहाजाला, मास्ट एकच असतो म्हणून दुकानदार लगेच "बिगिनर" सांगून मोकळा होतो, पण त्याचा बो चांगला भरलेला असतो आणि वर तोफा आणि आडवी शिडंही असतात. मी तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरला ठेवते.

किट बघताना सिंगल प्लँकिंग आणि डबल प्लँकिंग हे दोन शब्द दिसतील. डबल म्हणजे आधी साधारण दीड मिमी जाडीचा साध्या लाकडाचा थर, तो भरून घासून गुळगुळीत करायचा, आणि मग त्यावर अर्ध्या एक मिमीचा अक्रोड किंवा तसल्या चांगल्या लाकडाचा थर. पहिल्या थरातल्या फटी दुसऱ्याखाली झाकल्या जातात, शिवाय तेच काम दोनदा करायला मिळतं, पहिल्यांदा शिकण्यासाठी आणि दुसऱ्यांदा दिसण्यासाठी. पहिल्या गोल हलसाठी मला हे चांगलं वाटतं. सिंगलमध्ये जे लावलं ते दिसतं, पण हल रंगवणारच असाल तर तिथेही फटींत लांबी (पुट्टी) भरून निभावतं, आणि रंगकाम तर तुम्हाला येतंच. फोटोत सांगाडा दाखवला असेल तर बल्कहेड किती जवळ जवळ आहेत तेही बघा. दोघांत अंतर जास्त असेल तर पट्टी मधे सपाट पडते, विशेषतः बोपाशी, तिथे बाल्सा या मऊ लाकडाचे ठोकळे घालून आकार द्यावा लागतो.

सॉलिड हल सगळ्यात सोपा, हे अर्धंच खरं आहे. ठोकळा मशिनने ढोबळ कोरून येतो, त्यामुळे प्लँकिंग वाचतं. पण तो मुद्दाम जरा मोठा ठेवलेला असतो, प्लॅनवरून पुठ्ठ्याचे साचे कापून ठिकठिकाणी लावून बघत तो नेमक्या आकाराला आणायचा असतो, आणि डेकच्या वर येणारी बाजूची भिंत ठोकळ्यातूनच कोरलेली असेल तर ती पटाशीने पातळ करत न्यायची, तिथे हात घसरला की भिंत फुटते. मॉडेल शिपवेज या कंपनीचे सुल्ताना आणि फँटम हे असे जुने आणि चांगले किट आहेत. कोरीवकामाची आवड असेल तर जरूर घ्या, पण लाकडी जहाज म्हणताना तुमच्या डोळ्यासमोर फळ्या फळ्यांचा हल असेल तर ते समाधान इथे मिळणार नाही आणि पुढच्या किटला प्लँकिंग शून्यापासूनच शिकावं लागेल. प्लँक ऑन फ्रेम, म्हणजे खऱ्या जहाजासारखी एकेक फासळी उभी करणं, ते सध्या बाजूलाच ठेवा.

स्केलबद्दलही एक सांगते कारण इथे खूप जण फसतात. छोटा किट म्हणजे सोपा किट असं नाही. १:२४ ला १७० सेंमीचा माणूस ७ सेंमीचा होतो, १:६४ ला पावणेतीन सेंमीच्याही आत, आणि १:९८ ला जेमतेम पावणेदोन सेंमी. खऱ्या जहाजावरची २० सेंमीची कप्पी १:२४ ला ८ मिमीची होते, बोटात धरता येते, तिच्या भोकातून दोरा ओवता येतो. तीच १:९८ ला २ मिमीची, चिमट्यात धरली तरी उडून जाते आणि सापडत नाही. त्यामुळे मोठं जहाज छोट्या स्केलला घेण्यापेक्षा छोटी होडी मोठ्या स्केलला घ्या. तुमच्या टेबलावर मावेल आणि प्रत्येक भाग डोळ्याला दिसेल. मॉडेल शिपवेजची १:४८ ची १८ व्या शतकातली लाँगबोट मात्र याला अपवाद समजा. फार सुंदर आहे, हातभरही नाही, पण तिच्या फ्रेम इतक्या नाजूक आहेत की पहिल्यांदा काम करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

इथवरचं थोडक्यात: टोकदार किंवा साधा हल, मोठी स्केल, मोजक्याच दोऱ्या, तोफा शक्यतो नकोतच.

आणि आता जे मी सगळ्यात वर ठेवते ते, सूचना-पुस्तक. दोन किट जवळपास सारखेच असतील तर ज्याचं पुस्तक चांगलं तो घ्या, लाकूड थोडं कमी प्रतीचं असलं तरी चालेल. लाकूड नंतर बदलता येतं, पण प्लँकिंगची तीन पानं एका वाक्यात उरकलेली असतील तर ऐन वेळी तुम्ही एकटे पडता. जुन्या पद्धतीच्या काही युरोपियन किटमध्ये एक मोठी घडीची शीट, भागांची यादी आणि कसंबसं भाषांतर केलेला मजकूर एवढंच असतं, ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी ते पुरतं. बऱ्याच कंपन्या मॅन्युअलची पीडीएफ फुकट बघायला देतात, तर पैसे देण्याआधी ती उघडा आणि फक्त प्लँकिंगचं प्रकरण वाचा. कडा कशा घासायच्या, पट्टी किती निमुळती करायची, पहिली पट्टी कुठून सुरू करायची हे फोटोंसकट सांगितलंय का? का "आता हलला पट्ट्या लावा" म्हणून पुढच्या पानावर लगेच डेक आलाय? एवढ्यावरून किटची परीक्षा होते. पूर्ण मापाचे प्लॅन येतात का तेही बघा, म्हणजे मॉडेलचा भाग कागदावर ठेवून ताडून बघता येतो.

नावं घेऊन सांगायचं तर माझी पहिली शिफारस मॉडेल शिपवेजची शिपराइट सिरीज. डेव्हिड अँटशर्ल या अतिशय जाणत्या मॉडेलकाराने तिची पुस्तकं लिहिलीत आणि शिकवायच्या क्रमानेच तीन किट आखलेत. पहिली लॉवेल ग्रँड बँक्स डोरी १:२४, दुसरी नॉर्वेजियन सेलिंग प्रॅम १:१२, तिसरी मस्काँगस बे लॉबस्टर स्मॅक १:२४. डोरी ही सपाट तळाची, बाहेर झुकलेल्या बाजूंची मासेमारीची होडी. स्कूनर नावाच्या मोठ्या शिडाच्या जहाजाच्या डेकवर या होड्या एकात एक रचून ग्रँड बँक्स या मासेमारीच्या समुद्रभागात न्यायचे, आतल्या बसायच्या फळ्या काढता यायच्या म्हणून ते जमायचं. लॉवेलचा होड्यांचा कारखाना अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरीला १७९३ पासूनचा. अशा होड्या भराभर आणि स्वस्तात बांधता याव्यात म्हणूनच आकार साधा ठेवलेला, आणि त्याच साधेपणाचा तुम्हाला फायदा होतो. फळ्या आधीच नेमक्या आकारात लेझरने कापून येतात, एकीवर दुसरी थोडी चढवून बसवायची असते, त्यामुळे निमुळतं करायचं गणित इथे नाही, पण कडा घासणं, फळी वाकवणं, जोड घट्ट आणि स्वच्छ ठेवणं हे सगळं येतं. शिवाय होडी आतून पूर्ण उघडी, म्हणजे गोंदाचा एकेक थेंब दिसतो आणि हाताला नीटनेटकेपणाची सवय लागते. रोज तासभर बसलात तर काही आठवड्यांत पूर्ण होईल. प्रॅममध्ये याच्यावर एक शीड आणि थोड्या दोऱ्या येतात, आणि स्मॅकमध्ये गोल हलचं खरं प्लँकिंग आणि एका मास्टचं पूर्ण रिगिंग, म्हणजे शिडं-दोऱ्यांची मांडणी.

डोरी फारच साधी वाटत असेल आणि पहिल्याच किटमध्ये शिडाचं जहाज हवंच असेल तर माझी दुसरी शिफारस व्हॅनगार्ड मॉडेल्सच्या १:६४ च्या स्कॉटिश मासेमारी बोटी, लेडी एलेनोर ही फिफी प्रकारची आणि लेडी इसाबेला ही झुलू प्रकारची. ख्रिस वॉटनचं डिझाइन आहे, भाग इतके नेमके कापलेले की सांगाडा जवळजवळ आपोआप काटकोनात बसतो. फिफीचा पुढचा आणि मागचा भाग दोन्ही जवळपास सरळ उभे, मागे गुंतागुंतीचा स्टर्न (जहाजाचा मागचा शेवट) नाही, डबल प्लँकिंग, दोन मास्ट आणि अगदी मोजक्या दोऱ्या. झुलूमध्ये मागचा भाग तिरका येतो, दिसायला देखणा पण शेवटच्या पट्ट्यांना थोडा जास्त वेळ लागतो. आर्तेसानिया लातिनाची स्विफ्ट, म्हणजे १८०५ ची व्हर्जिनिया पायलट बोट, १:५० ला, हीसुद्धा अनेकांची पहिली बोट असते, बो टोकदार आहे आणि दोन मास्टचं रिगिंग साधं आहे. ओक्रेचा पोलारिसही नवशिक्यांसाठीच काढलेला आहे आणि व्हिडिओ बघून शिकायला आवडत असेल तर ओक्रेचे टप्प्याटप्प्याचे व्हिडिओ कामाला येतील. ब्लूनोज, १९२१ ची कॅनडाची प्रसिद्ध स्कूनर, हिच्याबद्दलही कोणीतरी सांगेलच. हल अप्रतिम आहे, पण १:६४ ला काम लांबतं आणि मागचा लांब निमुळता भाग हात बसल्यावरच करण्यासारखा आहे.

तुमच्यासाठी मी काय निवडेन? डोरी, आणि ती संपली की लगेच फिफी किंवा स्मॅक. प्रॅम गाळली तरी तुम्हाला चालेल कारण रंगकाम आणि सूचना वाचणं तुम्हाला येतंच. फिफीनंतर एखादा तोफा असलेला कटर. एवढं झालं की व्हिक्टरीतलं प्रत्येक काम तुम्ही लहान प्रमाणात एकदा केलेलं असेल, आणि तेव्हा ती घेतलीत तर पूर्ण होईल असं मी खात्रीने म्हणते.

हत्यारं सुरुवातीला थोडीच घ्या. बारीक टोकाच्या पात्याची सुरी आणि भरपूर पाती, स्टीलची पट्टी, १२० पासून ४०० पर्यंतचे सँडपेपर लाकडी ठोकळ्याला चिकटवून, हाताने फिरवायचा छोटा ड्रिल आणि अर्ध्या मिमीपासून २ मिमीपर्यंतची बिट्स, चिमटे, क्लँप, आणि पांढरा लाकडाचा गोंद. पट्टी वाकवायला दहा पंधरा मिनिटं पाण्यात भिजवून मग गरम करून आकार द्यायचा, त्यासाठी वेगळं यंत्र लगेच नको. सुपरग्लू जपून वापरा, लाकडावर सांडला की तिथे नंतर स्टेन (लाकडाला छटा देणारं द्रावण) शिरत नाही आणि पांढुरका डाग राहतो, लाकडी गोंदाचंही थोडंफार तसंच, म्हणून लाकूड रंगाशिवाय दिसणार असेल तर स्टेन आधी आणि गोंद नंतर. लेझरने कापलेल्या कडा काळ्या असतात, जोडाच्या जागी तो काळा थर हलक्या हाताने घासून काढा, जोडही चांगला बसतो आणि दिसतोही चांगला. घासताना मास्क लावाच, एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाट्यांचा) सांगाडा असेल तर नक्कीच.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक म्हणजे नक्कल केलेले किट. नामांकित कंपनीचं जहाज, फोटोही तोच, पण कंपनीचं नाव भलतंच आणि किंमत संशय यावा इतकी कमी. कोणाच्यातरी कित्येक महिन्यांच्या डिझाइनची ती चोरी असते, आणि तुमच्या हातात येतो तो पुस्तकाशिवायचा, भाग कमी असलेला, न जुळणारा सांगाडा. नवशिक्याला तर हे अजिबात परवडत नाही, काहीतरी चुकलं की आपलं चुकलं का किटचं हेच कळत नाही. दुसरं म्हणजे कोणीतरी माळ्यावरून काढलेला फार जुना किट. पट्ट्या ठिसूळ झालेल्या असतात, प्लॅन गहाळ असतात, आणि काही जुन्या किटमधले ओतीव भाग शिशाचे असायचे, लाकडातून निघणाऱ्या आम्लामुळे त्यांच्यावर वर्षांनी पांढरी भुकटी धरते आणि ते झडायला लागतात. फुकट मिळाला तरी पहिला म्हणून नको.

किट आला की पहिल्या संध्याकाळी काहीही चिकटवू नका. यादीप्रमाणे भाग मोजा, कमी असेल तर तेव्हाच कळवा, चांगल्या कंपन्या सुटे भाग पाठवतात. पुस्तक शेवटच्या पानापर्यंत एकदा वाचून काढा. डोरी असेल तर तळाची पाटी, आणि बल्कहेडवाला किट असेल तर मधली कण्याची पाटी काचेवर आडवी ठेवा आणि चारी बाजूंनी बोटाने दाबून बघा, डुगडुगते का. किंचित वाकलेली असेल तर ओलसर करून दोन काचांमध्ये वजनाखाली रात्रभर ठेवली की बहुतेक वेळा सरळ होते, फक्त पाटी एमडीएफची असेल तर पाणी लावू नका, ते फुगतं. त्यापेक्षा जास्त बाक असेल तर बदलून मागा, घासून जुळवायचा प्रयत्न करू नका. कोणता घेताय ते ठरलं की कळवा, आणि कण्याची पाटी काचेवर ठेवलेला एक फोटो कडेच्या बाजूने काढून टाका, पुढे जायचं का थांबायचं ते त्यावरून सांगते.